दगडाला विचारलेली गोष्ट

आमच्या गोलकीपरला यंदा जेवढ्या शिव्या बसल्या, त्यातल्या निम्म्या मधल्या फळीला बसायला पाहिजे होत्या. हे मी आधी सांगून टाकते, कारण अख्ख्या बेंबळी गावात हे ऐकून घेणारं एकच माणूस आहे आणि ते म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

माझं माहेर कोल्हापूर. तिथं पोरगी चालायला शिकायच्या आधी फुटबॉल बघायला शिकते. तालमींचे फुटबॉलचे सामने मी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलेत. आमच्या गल्लीतलं एक पोरगं लहानपणी बॉल मारून सगळ्यांची कौलं फोडायचं आणि मार खायचं. तेच पुढं देशातल्या मोठ्या लीगमध्ये एका क्लबचा गोलकीपर झालं. क्लब लांबचा, समुद्रकाठच्या शहरातला. त्या शहराशी माझा काडीचा संबंध नाही. पण गल्लीतलं पोरगं तिथं उभं आहे म्हटल्यावर तो क्लब आपलाच की. लग्न होऊन इकडं आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली त्या क्लबची जर्सी होती.

इकडं खो-खोचं वेड. क्रिकेट तर सगळीकडंच आहे. फुटबॉल म्हटलं की आमचे हे हसायचे. पहिल्या वर्षी मी एकटीच टीव्हीपुढं बसून हात चोळायची. आत्या दाराशी सूप घेऊन तूर नाहीतर गहू निवडत बसायच्या, टीव्हीकडं पाठ करून. एका संध्याकाळी, मान न वळवता त्यांनी विचारलं, आज तो पिवळ्या सदऱ्यावाला का नाही? मी चाटच पडले. गोलकीपरचा सदरा इतरांपेक्षा वेगळा असतो, हे त्यांनी कधी बघितलं देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पाठ दाराकडं झाली आणि तोंड टीव्हीकडं.

त्यांचा सगळा जीव गोलकीपरवर. त्यांचं म्हणणं असं की दहा जण नुसते हुंदडतात आणि राखण करायला एकटाच. पोरपणी त्यांनी ज्वारीत माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलली आहेत, त्यामुळं राखणीतलं त्यांना कळतं. ऑफसाइड मात्र त्यांनी आजवर मान्य केलेला नाही. माणूस पुढं गेला म्हणून गुन्हा कसा झाला, असं विचारतात. मी समजावून थकले.

तर यंदाचा हंगाम. काय सांगायचं! सुरुवातीलाच मधल्या फळीतला एकमेव डोकं असलेला माणूस विकून टाकला. बॉल पायात आला की मान वर करून बघणारा तेवढाच होता. त्याच्या जागी जो आणला, तो पळायचा खूप, कुठं पळायचं हे सोडून. दोन्ही बाजूचे बचाववाले दावं सोडलेल्या गुरांसारखे पुढं सुटायचे आणि मागं गोलकीपर एकटा. परदेशी स्ट्रायकर गुडघा धरून मायदेशी गेला. प्रशिक्षक बदलला, मग नवाही बदलला. शेवटचा नंबर आला की संघ खालच्या गटात जातो, आणि आम्ही शेवटच्या नंबरला गोचिडासारखे चिकटून बसलो होतो. वर मालकानं जाहीर केलं की पुढच्या वर्षी क्लब चालवायचा की नाही ते अजून ठरलेलं नाही. मला तर भाकरी गोड लागेना. सकाळी उठल्यावर आधी मोबाईल, मग चूल.

त्यातच मला कळलं की आत्या त्यांचे कपडे वेगळे धुतायत. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली बाई पहाटे उठून एकटीच मोरीत काय धुते, हे विचारलं तर सांगेनात. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, अंगावरून जातंय, लई दिवस झाले. धाराशिवला नेलं. सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीत गाठ आहे, पिशवी काढायची आणि गाठ तपासायला पाठवायची, वाट बघण्यात शहाणपण नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. गाठ कसली असेल, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सोलापूरच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन घरी आलो.

आत्या म्हणाल्या, सामने संपू द्या.

एकदा सामना चालू असताना त्या शेजारच्या पोरीच्या डोहाळजेवणाला उठून गेल्या होत्या आणि तेवढ्यात आमच्यावर दोन गोल झाले. तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलंय की आपण जागचं उठलो की गोल होतो. आता आपण सोलापूरला जाऊन पडलो तर इथं सूप घेऊन कोण बसणार? ह्यांनी डोक्याला हात लावला. मी तर भांडले. सासूशी कसं बोलावं हे विसरून भांडले. तुमच्या सुपावर क्लब चालतोय काय, असं म्हणाले. त्या शांतपणे खडे वेचत राहिल्या. फुटबॉलचं निमित्त होतं, बाई भ्यायली होती, हे कळायला का मी कुकुलं बाळ होते? त्यांच्या थोरल्या बहिणीला असंच नेलं होतं सोलापूरला. ती परत आली नाही.

शेवटी म्हणाल्या, आधी तुळजापूरला जाऊ, देवीला विचारू, मग बघू.

तुळजापूरला देवळाच्या आवारात एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनातली गोष्ट मनातच विचारायची. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. जागचा हललाच नाही तर काम होईल, पण उशिरानं. आमच्या घरातली लग्नं, विहिरी, म्हशी, सगळं त्या दगडाला विचारून झालंय. माझं स्थळ आलं तेव्हाही आत्यांनी विचारलं होतं म्हणे. आणि आत्यांचा एक नियम आहे, एका फेरीला एकच गोष्ट विचारायची. दुसरी विचारली की पहिलीचं उत्तर नासतं.

दर्शन झालं. दगडापाशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा आत्या मागं सरल्या आणि मला म्हणाल्या, "तूच इचार. माझे हात थरथरत्यात, दगड उगाच हलायचा."

मी हात ठेवले. दगड गार होता. मागची बाई म्हणत होती, आटपा की. आदल्या दिवशी बातमी आली होती की आमच्या गोलकीपरच्या बोटाला लागलंय, शेवटच्या सामन्यात खेळेल की नाही सांगता येत नाही. त्या सामन्यात हरलो नाही तर वाचणार होतो. मी डोळे मिटले आणि मनात शब्द आले ते असे: आई, आमचा संघ खालच्या गटात जाणार नाही ना?

दगड सरसर उजवीकडं फिरला.

मी भाजल्यासारखे हात काढून घेतले. हे काय विचारून बसले मी! घरातलं माणूस मागं उभं आहे, पोटात गाठ घेऊन, आणि मी विचारलं काय तर फुटबॉलचं. आत्यांनी माझा दंड धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, काय म्हणाला? मी म्हणाले, उजवीकडं फिरला. त्या बरं म्हणाल्या. एसटीत बसल्या. मग म्हणाल्या, सोलापूरची तारीख घ्या म्हणावं त्याला. त्याला म्हणजे ह्यांना.

झालं. माझी पाचावर धारण बसली. बाई माझ्या भरवशावर ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला तयार झाली होती, आणि दगडाचा होकार तर मी दुसरीकडंच खर्च करून बसले होते. सांगावं तर त्या पुन्हा पाय मागं घेणार. न सांगावं तर देवीच्या नावावर त्यांना फसवल्यासारखं. मग माझ्या डोक्यात एक खुळं गणित शिरलं. संघ जर हरला, तर याचा अर्थ दगडाचा होकार संघासाठी नव्हताच. देवीला माझं खरं मन दिसलं आणि तिनं उत्तर दिलं ते आत्यांसाठी. आणि संघ जर वाचला, तर होकार तिथंच संपला.

शेवटचा सामना आला तो नेमका सोलापूरला जायच्या आदल्या संध्याकाळी. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आत्या सूप घेऊन जागेवर. हेही आमच्यासोबत बसले होते, आईबरोबर बसायचं म्हणून. गोलकीपर बोटांना पट्टी बांधून उतरला. आणि मी, ज्या पोरीनं जन्मात कधी आपल्या संघाचं वाईट चिंतलं नाही, ती मी पदराखाली बोटं मोडत होते की हरा रे बाबांनो, यंदा एकदा हरा.

तेही धड हरेनात. ज्या मधल्या फळीनं हंगामभर जीव खाल्ला, ती त्या दिवशी अंगात वारं शिरल्यासारखी खेळली. एक गोल त्यांचा, एक आमचा. अगदी संपता संपता आमच्या बचाववाल्यानं त्यांच्या माणसाला आडवं पाडलं आणि पेनल्टी मिळाली त्यांना. आत्यांनी सूप खाली ठेवलं. आजवर कुठल्याच सामन्यात त्यांनी सूप खाली ठेवलं नव्हतं. मी त्या गल्लीतल्या पोराला मनात हात जोडले. सोड, भावा, सोड तेवढा एक.

त्यानं तो अडवला. त्या दुखऱ्या बोटांनीच अडवला.

हे उठून नाचायला लागले. आत्या टाळ्या वाजवत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांड्यांवर डोकं टेकून ढसाढसा रडले. बाहेर आत्या ह्यांना सांगत होत्या, लई जीव आहे तिचा त्या पोरांवर, रडू द्या.

ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या खोलीत त्यांना नेलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, जशी पेनल्टीच्या आधी गोलकीपरकडं बघून हलवायच्या. गाठ तपासायला गेली. रिपोर्ट यायचा होता आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून मोबाईलवर क्लबच्या बातम्या वाचत होते. मालक म्हणत होता गिऱ्हाईक शोधतोय, मिळालं नाही तर गाशा गुंडाळणार. दुसरा कोणी चाहता असता तर त्यानं मालकाला शिव्या घातल्या असत्या. मला वाटलं, गुंडाळ एकदाचा. क्लब बुडू दे, म्हणजे तो होकार मोकळा होईल आणि माझ्या माणसाला लागू पडेल. एवढी मी खालच्या पातळीला गेले होते.

टाके काढायला पुन्हा सोलापूरला गेलो तेव्हा रिपोर्ट हातात आला. साधी गाठ होती, काही वाईट नाही. ह्यांनी तिथंच काउंटरवर डोळे पुसले. शेजाऱ्यांची गाडी आणली होती. हे पुढं चालवत होते, मी आणि आत्या मागं. तुळजापूरचा डोंगर दिसायला लागला तसे आत्यांनी हात जोडले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. दगडावर हात ठेवून तुमचं विचारलंच नव्हतं, क्लबचं विचारलं, आता मला काय बोल लावायचा तो लावा, असं म्हणाले.

त्या काही रागावल्या नाहीत. धक्के लागू नयेत म्हणून आणलेली उशी पोटाशी धरून नीट बसल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "सामन्याच्या आधी तू जसं तोंड करतीस, तसंच केलं व्हतंस. म्या तवाच वळखलं. मनात म्हनलं, माझं काय बरंवाईट व्हईल असं हिला वाटत आसतं, तर दगडावर हात ठेवून हिला बॉल कशाला आठवला आसता? हिच्या मनात म्या काय मरत न्हाय. दगडाचं सोड गं, म्या त्येवढ्यावर गेले."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरं काय ते मलाच माहीत होतं. हात ठेवले तेव्हा ओठांवर त्यांचंच नाव आलं होतं. पण दगड डावीकडं फिरला तर, या भीतीनं माझ्या तोंडचं पाणी पळालं, आणि दगडानं ज्याला नाही म्हटलं तरी सोसलं असतं ते विचारून मी मोकळी झाले. माझ्या भित्रेपणाला ती बाई भरवसा समजली आणि त्याच्या जोरावर टेबलावर जाऊन झोपली. हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही, आजही उचलत नाही.

मी डोळे पुसून म्हणाले, आत्या, पुढच्या वर्षी डावीकडचा बचाववाला बदलायलाच पाहिजे.

त्यांनी माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, आधी क्लब तर राहू दे.