थोरल्या काकांचा झाकणाचा फोन

आमच्या थोरल्या काकांनी माझी नोकरी घालवली आणि त्यांच्याच फोनवरून मी त्याचं उट्टं काढलं. वीस वर्षं होत आली, पण मला त्याचं अजून वाईट वाटत नाही. माणसं म्हणतात, जाऊ दे, सोडून दे. का म्हणून सोडू?

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी गारगोटीची. डी.एड. करायला कोल्हापुरात काकांकडं राहिले आणि शिक्षण संपल्यावरही तिथंच राहिले. शहरात असलं की नोकरीचं कळतं, असं वडिलांचं म्हणणं. राहिले म्हणजे राबले. आठ माणसांच्या भाकरी, धुणं, भांडी, सगळं माझ्याकडं. काकू नुसती कंबर धरून बसायची.

काकांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. त्यासाठी त्यांनी झाकणाचा फोन घेतला, गल्लीत पहिला. रुपेरी रंगाचा, पानाच्या डब्यासारखा उघडायचा. झाकणावर बारकी काच होती, फोन आला की तिच्यात निळा उजेड पडायचा आणि नंबर दिसायचा. कोपऱ्यात एरियलची आखूड खुंटी, मागं कॅमेऱ्याचा डोळा. झाकण उघडलं की फोन उचलला जायचा, मिटलं की कट. काकांना हे मिटणंच लई आवडायचं. समोरचा बोलत असला तरी खट्टकन झाकण पाडायचे आणि फोन पट्ट्याच्या कव्हरात खुपसायचे. झाकण मिटलं की विषय संपला, असा त्यांचा हिशेब.

बाकी त्या फोनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. लाईटवाले, आचारी, फुलवाले, कार्यालयवाले, सगळ्यांचे नंबर मीच भरले. रिंगटोन मी लावली, कुलपाचा आकडाही मीच घातला. काका इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत नाव वाचायचे आणि हिरवं बटण दाबायचे. त्यापुढं त्यांची मजल नव्हती.

तेव्हा घरात फोन नसला की अर्जावर शेजाऱ्याचा नाहीतर नातेवाइकाचा नंबर द्यायचा आणि पुढं लिहायचं पी.पी. म्हणजे ही माणसं निरोप पोचवतील. कुरुंदवाडच्या एका शाळेत जागा निघाली, तेव्हा मीही काकांचा नंबर घातला. पाया पडून त्यांना सांगितलं. "फोन आला की सांगतो की," म्हणाले. महिनाभर मी त्या फोनकडं कान लावून भाकरी थापल्या.

एक दिवस स्टँडवर डी.एड.ची मैत्रीण भेटली. "आगं, मुलाखतीला का आली न्हाईस? तुझं नाव यादीत पयलं हुतं!" म्हणाली.

घरी येऊन काकांना विचारलं, "काका, शाळेचा फोन आलता काय?"

"न्हाय बा. आला असता तर सांगितलं नसतं काय?" त्यांनी हातातला फोन खट्टकन मिटला.

ते अंघोळीला गेल्यावर मी फोन उघडला. आलेल्या फोनांची यादी आत असते, हे काकांना ठाऊकच नव्हतं. खाली खाली गेले. जाहिरातीतला तो नंबर मला तोंडपाठ होता. आलेला फोन, वेळ सकाळची, बोलणं तीन मिनिटं चाळीस सेकंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन मिनिटं चाळीस सेकंद काय बोलला असाल हो, काका?

मी भांडले नाही. एकटीनं भांडले असते, तर मलाच खोटी पाडली असती. चार दिवसांनी, शुक्रवारी, टेंबलाईची जत्रा होती. घरात पाहुणे भरले, वडीलही गारगोटीहून आले. ताटं वाढली, काकांनी फोन शेजारी ठेवून रस्सा ओरपायला सुरुवात केली. मी फोन उचलला, तो नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार, शाळेचं ऑफिस. बोला."

मी माझं नाव सांगितलं. मुलाखतीला का बोलावलं नाही, म्हणून विचारलं.

"अहो ताई, मीच फोन केलता की! तुमच्या काकांनी उचलला. म्हणाले, पोरीचं लगीन ठरलंय, नोकरी करायची न्हाय. मी दोनदा इचारलं."

"जागा भरली काय?"

"सोमवारीच भरली, ताई."

काकांनी खरकट्या हातानं फोन ओढला आणि झाकण पाडलं. पण पंगतीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आतून काकूच म्हणाली, "गेली असती म्हंजे? मग हितलं कोण बघणार हुतं?"

अशी ती गोष्ट. आठ माणसांच्या भाकरीसाठी माझा गळा कापला. मी वडिलांकडं बघितलं. वाटलं, आता ताट भिरकावतील. त्यांनी ताटात हात धुतला आणि खाली मान घालून म्हणाले, "दादा, पोरीला इचारायचं तरी." बस्स. काकांचा राग परवडला, त्या खाली घातलेल्या मानेचा राग मला अजून येतो.

मग म्हटलं, आपणच बघू.

जेवणं झाल्यावर काका घोरायला लागले. फोन टीव्हीजवळ चार्जिंगला होता. मी आधी बॅग भरली. मग फोन उघडून सगळे नंबर एकदम पुसायची सोय काढली. फोननं कुलपाचा आकडा विचारला, मी दाबला. खरंच पुसायचे काय, म्हणून विचारलं. व्हय, म्हटलं. आतल्या पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत राहिलं आणि मी त्याच्याकडं बघत मनसोक्त शिव्या दिल्या. फोनमधले गेले, सिममधलेही गेले. लग्नसराईच्या सुपाऱ्या घेणाऱ्या माणसाकडं एक आचारी शिल्लक ठेवला नाही. मग शाळेचा तेवढा नंबर पुन्हा भरला आणि त्यावर इंग्रजीत माझं नाव घातलं.

वडिलांना घेऊन मी तीनच्या गाडीनं गारगोटीला निघाले.

पुढचं मला चुलत भावानं सांगितलं. काका चार वाजता उठले, लाईटवाल्याला फोन लावायला गेले, तर आत एकच नाव. बोट ठेवून त्यांनी ते जुळवलं. माझं नाव निघाल्यावर लालबुंद झाले; आमच्या घरी फोनच नाही, हे रागात ध्यानातही आलं नाही. "थांब, हिला दाखवतो," म्हणत हिरवं बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि पहिली शिवी हासडली.

पलीकडून आवाज आला, "शाळेचं ऑफिस. कोण बोलतंय?"

भाऊ म्हणाला, काकांना झाकण मिटायचंही सुचलं नाही. फोन कानाला धरून तसेच उभे राहिले आणि पलीकडचा माणूस विचारत राहिला, "कोण पायजे तुम्हाला? हॅलो? कोण पायजे?"