मार्थाअक्कानं हाकलेली गाडी

त्या दिवशी मी मेलो होतो की नव्हतो, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. लोक म्हणतात, मेला असतास तर आमचं डोकं खायला उरला असतास का? म्हणणं रास्त आहे. पण ज्याच्यावर बेतलं त्याला जे वाटलं, ते बघणाऱ्याला कसं कळावं? मलाच पुरतं कळलं नाही. तरी जसं घडलं तसं सांगतो. माझ्या सांगण्यात चार बोटं इकडची तिकडे होतात अशी माझी ख्याती आहे. त्या चार बोटांचं प्रभू आणि मी आपसात बघून घेऊ.

धुळे-पारोळे रस्त्यावर मोटार धावू लागली नव्हती तेव्हाची गोष्ट. मी गाडीवान. माझ्यासारखे बैल अख्ख्या खानदेशात कुणाकडे नव्हते. त्यातला ढवळ्या तर उपासनेची घंटा वाजली की मान खाली घालायचा. बाप्तिस्मा घेऊन मला वर्ष होत आलं होतं. पूर्वी मी वाघाला भीत नव्हतो आणि आता मरणालाही भीत नाही, असं प्रभूच्या देवळाबाहेरच्या पारावर बसून मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. मिशनच्या दवाखान्यात तेव्हा मार्थाअक्का होती. खेडोपाडी फिरून बायकांना शुभवर्तमान सांगण्यात तिचा जन्म गेला होता. तिच्या पोटात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. पारोळ्याच्या अलीकडे तिच्या भावाचं गाव. "मरानं ते मरानंच शे," ती म्हणाली, "पन गावले जाईसन मरसू." माहेरी सणाला निघालेल्या बाईचा चेहरा असतो ना, तसा तिचा चेहरा होता. मला ते पटेना. मरायला निघालेलं माणूस इतकं निवांत असतं का? म्हातारीला आपल्या दुखण्याची कल्पनाच नसावी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

गाडीत कडबा पसरून, वर गोधडी टाकून तिला निजवलं. तिला तेव्हा पाण्याचं भांडंही हातात धरवत नव्हतं. वाटेत तिचा जीव रमावा म्हणून मी एका फटक्यात लोळवलेल्या बिबट्याची गोष्ट सांगितली. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मागे तर लांडगा व्हता ना रे?"

"वाढला, अक्का. किती दिवस झाले त्याला."

दुपारी एका नाल्याकाठी कडुनिंबाच्या सावलीत गाडी थांबवली. बैलांना चारा टाकायला मागच्या पेंढीत हात घातला आणि बोटातून आग निघाली. पेंढीतून काळं काहीतरी सळसळत गवतात गेलं. मी शेपूट पाहिलं. शेपूट पाहिलं म्हणजे नाग पाहिला, असा माझा हिशेब. गाडीच्या जूएवढा लांब होता. आता सांगताना त्याला मी जूवरच थांबवतो, हे माझे उपकार समजा.

आमच्याकडे साप चावला की आधी कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर भिण्याचं कारण नाही. गोड लागला तर विष चढलं, माणूस गेला. मी डहाळी ओरबाडली आणि पाला तोंडात कोंबला. गोड! गुळाच्या काहिलीत बुडवून काढल्यासारखा गोड. मरणाला न भिणारा मी रस्त्याच्या मधोमध बसून असा ओरडलो की झाडावरचे पोपट पार अमळनेरला गेले असतील. प्रभूचं नाव घेतलं, पाठोपाठ आईच्या देवीचं, कानबाईचं घेतलं. ज्याला आधी ऐकू जाईल त्यानं यावं, अशी माझी गत.

अक्का उठून बसली. "काय व्हयनं?"

"नाग चावला, अक्का! मी चाललो!"

"कोठे?"

तिनं थट्टेनं विचारलं नव्हतं. मी रडतरडत म्हणालो, "मला ठाऊक नाही गं."

"माले ठाऊक शे. बठ गाडीमा."

"पाला गोड लागतोय, अक्का..."

"दे बरं माले." तिनं चार पानं घेऊन विडा चघळावा तशी चघळली. मग माझ्याकडे बघून हसली. "माले बी गोडच लागस," म्हणाली आणि पुढे सरकून तिनं कासरा हातात घेतला.

माझी गाडी मी बापालाही कधी हाकू दिली नव्हती. त्या दिवशी मी कडब्यावर उताणा पडलो होतो आणि मरणाच्या वाटेवरची म्हातारी माझे बैल हाकत होती. वरून आभाळ सरकत होतं. शेजारणीशी बोलावं तशी ती प्रभूशी बोलत होती: "आम्ही दोन जन येई ऱ्हायनूत. हाऊ भी ऱ्हायना, तेले पहिले हात दे." आम्ही दोघं येतोय, पण हा भितोय, हात आधी याला दे, हे कानावर पडलं आणि माझं रडणं थांबलं. भीती कुठल्या वाटेनं गेली ते मी पाहिलं नाही. जायचंच आहे तर जाऊ, सोबत आहे, इतकंच मनात होतं. नंतर मला चक्क झोप लागली. साप चावलेल्यानं झोपू नये म्हणतात, तेही मी विसरलो.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता आणि गाडी गावात उभी होती. अक्काचा भाऊ म्हणाला नाग, गावचा भगत म्हणाला विंचू, आणि भावजयीनं सुईनं बोटातून बाभळीचा काटा काढून माझ्या हातावर ठेवला. "येवढासाठे?" असं म्हणून तिनं मला पाला चावायला दिला. कडू जहर! मग नाल्याकाठी तो गोड कसा लागला? भीतीनं माझी जीभ मेली असेल. पण अक्का तर भ्यायली नव्हती, आणि जन्मात कधी एक बोटभरही खोटं बोलली नव्हती. मला धीर यावा म्हणून ती तेवढं एकदा बोलली, की तिला खरंच गोड लागला? विचारायला गेलो तर तिचा डोळा लागलेला.

सकाळी मी निरोप घ्यायला आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझी चाहूल लागताच हळूच म्हणाली, "पोची गऊत का रे?"

"हो अक्का, पोचलो. केव्हाच."

"मंग बैल सोड. थकी ग्यात."

बैल कालपासून सुटलेलेच होते. पण ती म्हणाली म्हणून मी अंगणात गेलो. दोघांच्या मानेवरून हात फिरवला आणि परत आलो, तेव्हा अक्का गेलेली होती. तिचा तळहात उघडाच राहिला होता.

मी अजूनही भितो, खोटं कशाला सांगू? गोड-कडूचं कोडंही सुटलेलं नाही. आता ते सोडवायला मी बसत नाही. प्रभो, तुझे उपकार. मला काही कळत नव्हतं, तरी तू मला गाडीत घेतलंस.