अर्धा अंश कमी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मिलिंदलाही नाही — आणि मिलिंद माझा नवरा, सतरा वर्षांचा संसार, त्याच्यापासून लपवायला माझ्याकडे फारसं काही उरलेलंच नाही. हे मात्र उरलंय.

सुरुवात कुठून करू? खरं तर आधी दुसरंच एक खोटं सांगून टाकावंसं वाटतंय. अकोल्याला माझ्या आईला अजून वाटतं की मी आयर्लंडमध्ये दुधाच्या गाईंवर संशोधन करते. आमच्या फार्मवरची जनावरं मांसासाठी वाढवलेली असतात. अकरा वर्षं मी तिला थाप मारतेय आणि झोप मात्र नीट लागते. पण ते हे नव्हे. ते सोपं आहे, म्हणून आधी सांगितलं.

तर काम असं. नास गावाच्या बाहेर आमचं संशोधनाचं फार्म आहे. कुठल्या जातीचं जनावर किती खातं, त्यातलं किती अंगाला लागतं, आणि उरलेल्याची आतल्या आत किती ऊब होते — हे मोजायचं. जनावराला एका बंद काचेच्या खोलीत ठेवून त्याचा श्वास मोजायचा, दर आठवड्याला वजन करायचं. चयापचय आणि वाढ, हे माझं. आणि उष्णता? आयर्लंडमध्ये उष्णतेचा अभ्यास म्हटलं की अकोल्याच्या माणसाला हसूच येईल. सत्तावीस अंश झाले की इथे लोक शर्ट काढून फिरतात. पण इथली जनावरं केसाळ, कुरणात सावलीला झाड नाही, आणि उन्हाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. काळे अँगस आणि सायीच्या रंगाचे शारोले या दोन जातींत ऊन कोण जास्त सोसतं, हे बघायचं ठरलं, आणि त्यासाठी दोन वर्षांच्या करारावर एक माणूस घ्यायचा ठरला.

मुलाखत घ्यायला मी होते. हिला घ्या, असं मीच म्हणाले होते. हेही लक्षात असू द्या.

केतकी. नागपूरची, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान, जनावरांची डॉक्टर. क्लोनडॉकिनला एका घरात खोली घेऊन राहायची, बस बदलून फार्मवर यायची. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागली. मला आवडलं ते. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायची — मीच बोलावलं होतं — आणि जेवण झालं की न सांगता भांडी घासायला उभी राहायची.

मग कधी सुरू झालं? मी खूप विचार केलाय. आमच्याकडे पॅड्रिग म्हणून जनावरं सांभाळणारे साठीचे गृहस्थ आहेत. 'ग्रँड', म्हणजे छान, या एका शब्दावर त्यांचा दिवस निघतो. केतकी त्यांच्याबरोबर कुंपणाला टेकून उभी राहायची, आणि एकदा एका शारोल्याकडे बघून म्हणाली, हा उद्या खाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच तोंड लावलं नाही. फाटक ओढून घेता घेता पॅड्रिग मला म्हणाले, तिला नजर आहे. तोवरच्या सगळ्या वर्षांत मला ते एवढंच म्हणाले होते, की माझे आकडे नीटनेटके असतात.

त्याने काही बिघडलं नसतं कदाचित. पण आमची सई. नऊ वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने त्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्या घरी ठरलेलंच. बक्षिसं लावून झाली, रागवून झालं, मी दमले. आणि एका शुक्रवारी मी स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते, तेव्हा बाहेरून आवाज आला — "केतकीमावशी, अजून एक सांग ना. त्या म्हशीची." मोडकंतोडकं, पण मराठी. माझ्या मुलीचं. मी कान देऊन उभी राहिले आणि मोहरी जळाली. आनंद व्हायला हवा होता ना? मला त्या पोरीचा राग आला. माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसून तिने काही न करता ते मिळवलं होतं.

आणि मग डेक्लन. आमचे विभागप्रमुख. वाढ, चयापचय आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात बसवायच्या, असं माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. मी बोलायचे, करत नव्हते. केतकीने सहा महिन्यांत त्याचा आराखडा करून दाखवला. डेक्लन मीटिंगमध्ये म्हणाले की शरदात जो मोठा कार्यक्रम होईल — शेतकरी, बाहेरचे शास्त्रज्ञ, सगळे येतील — त्यात केतकी बोलेल. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी वाजवल्या.

त्याच आठवड्यातली गोष्ट आहे.

जनावराच्या आतलं तापमान मोजायला आम्ही बोलस वापरतो — अंगठ्याहून जाड, लांबट गोळी असते, ती जनावराला गिळायला लावायची. मग ती पोटात बसते आणि आकडे पाठवत राहते. एकदा गेली की बाहेर काढता येत नाही. म्हणून आधी ठरावीक तापमानाच्या कोमट पाण्यात ठेवून तपासायची. ते काम माझ्याकडे होतं. पहिलं खोकं ठीक निघालं, ते अँगसना दिलं. या चाचणीचे शारोले दोन आठवडे उशिरा आले, त्यांच्यासाठी दुसरं खोकं आलं. त्यातले सगळे बोलस अर्धा अंश कमी दाखवत होते. घाबरण्यासारखं काही नव्हतं. दुरुस्तीचे आकडे केतकीला द्यायचे, ती ते आपल्या आकड्यांत मिळवून घेणार. मी ते माझ्या वहीत लिहिले. बोलस जनावरांच्या पोटात गेले. आकडे वहीतच राहिले.

विसरले होते का मी? पहिले तीन-चार दिवस — हो, खरंच. पुढच्या सोमवारी केतकीने जाता जाता विचारलं, "ताई, दोन्ही खोकी तपासलीत ना तुम्ही?"

"हो गं, तपासली," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. बघा, किती नीट बोलले मी. त्या क्षणी मला वही आठवली होती. वही माझ्या हातात होती.

जूनमध्ये आठवडाभर कडक ऊन पडलं. केतकी दिवसभर कुरणात, टोपी घालून, कोण किती धापा टाकतोय ते लिहीत होती. आकडे आले आणि ते चमत्कारिक होते. शारोले जास्त खातात, भराभर वाढतात, म्हणजे त्यांच्या आतली भट्टीही मोठी. ते तापायला हवेत. पण बोलस सांगत होते की ते अँगसपेक्षा थंड आहेत. डेक्लन खूश झाले. वेगाने वाढणारं आणि ऊनही सोसणारं जनावर — शेतकऱ्याला दुसरं काय हवं?

केतकी मात्र खूश नव्हती. ती माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढून बसली. "ताई, मला हे पटत नाहीये. मी डोळ्यांनी पाहिलंय, शारोले जास्त धापा टाकत होते. मग आत थंड कसे?"

तिला नजर होती. तिने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर तिचं काम वाचलं असतं. आणि मी काय बोलले?

"अगं, धापा टाकतात म्हणूनच तर थंड राहतात. उष्णता बाहेर टाकतायत ते. हाच तुझा मुद्दा आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हसली. म्हणाली, हे मला सुचलंच नाही, ताई. आणि माझं ते वाक्य तिने आपल्या भाषणात घातलं — माझे आभार मानून.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत बसले होते. छान बोलली ती. शेवटी मागून एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने विचारलं, अगदी सौम्यपणे, की दोन्ही जातींतले बोलस एकाच खोक्यातले होते का? आणि तपासणीतला फरक धरला आहे का? केतकीने इंग्रजीत माझं नाव घेतलं — तपासणी वैशालीने केली आहे, ती सांगेल. माईक माझ्याकडे आला. दोनेकशे माणसं माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, हो, दुसऱ्या खोक्यात अर्ध्या अंशाचा फरक होता. दुरुस्तीचे आकडे मी कागदावर लिहून केतकीच्या टेबलावर ठेवले होते. बहुधा धरायचे राहिले असतील.

असा कुठलाही कागद नव्हता. मला ते आधी सुचलेलंही नव्हतं. तोंड उघडलं आणि अख्खा कागद बाहेर आला.

केतकी स्टेजवर उभी होती. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर — पण तिच्या चेहऱ्यावर नुसता विचार होता. ती आठवत होती. कुठे ठेवला असेल मी?

पुढचे दोन दिवस तिने तो कागद शोधला. खण उपसले, फाइली झटकल्या, कचऱ्याच्या कागदांची पिशवीसुद्धा उलटी केली. आणि मीही तिच्याबरोबर शोधला. गुडघ्यावर बसून, तिच्या टेबलाखाली. ती म्हणाली, "सॉरी ताई. तुम्ही दिला असणार. माझ्याच हातून गेला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. होतं असं, म्हणाले.

दुरुस्ती केल्यावर चमत्कार नाहीसा झाला. शारोले जास्त तापत होते. कुणालाही वाटलं असतं तेच. जानेवारीत तिचा करार संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. डेक्लन म्हणाले, हुशार आहे, पण बेफिकीर आहे. मी मान हलवली. वर्षभराने आम्हा तिघांच्या नावाने शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव माझं, तिचं तिसरं. ती गेल्यावर काही शुक्रवार सई विचारायची, "मावशी कधी येणार?" — मराठीत. मग तेही थांबलं.

मला हलकं वाटलं होतं, तेही सांगते. तिला विमानतळावर सोडून सँट्रीवरून परत येताना मी गाडीत गाणं लावलं होतं.

केतकी आता नागपूरकडे एका कॉलेजात शिकवते. गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. लिहिलं होतं की दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला ती स्वतःची गोष्ट सांगते — माझ्या हातून एक कागद हरवला आणि सगळं काम फुकट गेलं, म्हणून पोरांनो, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे लिहिलं होतं, "तुम्ही तेव्हा माझ्याबरोबर शोधत बसला होतात, तेही मी त्यांना सांगते, ताई."

मी 'छान' असं उत्तर पाठवलं.

आकडे माझ्या वहीत होते. मी ते दिले नाहीत. विचारलं तेव्हा दिले म्हणाले.