चतुराबाईची लाथ

चतुराबाई जन्मली ती पायांकडून. सुईण म्हणाली, "पोरगी पायाळू हाय," आणि तिथंच तिचा बोलबाला झाला. पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण पळते, हे कनेरगाव नाक्याच्या आसपास शेंबडं पोरगंही जाणून होतं. माहेरी तिनं पाटलाला हाणलं, पुजाऱ्याला हाणलं, आणि वर गूळ खाल्ला. अडतीस साली लग्न होऊन सासरी आली नि ही विद्या पदराआड गेली. सासरे उकंडराव नुसते खाकरले तरी ती पदर नाकापर्यंत ओढायची.

उकंडरावांचा जीव शंकरपटात. छकड्यावर बसून बैलजोडी पळवावी ती त्यांनीच. पण दरसाल वाशिमचा तातेराव पुढं निघायचा. यंदा जोडी वाऱ्यासारखी तयार झाली, आणि पट दोन दिवसांवर असताना सरकीचं पोतं उचलायला उकंडराव वाकले ते वाकलेलेच राहिले.

उपचारांना तोटा नव्हता. एरंडाची पानं बांधली, तापल्या विटेनं शेकलं. वैदूनं तुंबड्या लावल्या, त्यांची पाठीवर पुऱ्यांएवढी वर्तुळं उठली. हळदीच्या लेपानं म्हातारा नवरदेवासारखा पिवळा झाला. उसण मात्र घरजावयासारखी तिथंच बसून. शेजारगावचा पायाळू दगडोबा बोलावला, तर तोच पायात काटा मोडून लंगडत होता.

शेवटी सासूबाई, पार्वतीबाई, म्हणाल्या, "घरात पायाळू सून असताना गावभर काहून हिंडून राहिले?"

"सुनेची लाथ खाऊ? त्यापेक्षा पट सोडतो!"

"सोडा. तातेरावाला तेवढंच पायजे."

उकंडराव भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "दार लावा. अन् ह्या कानाचं त्या कानाला कळलं तर याद राखा."

चतुराबाईनं आधी सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पाय उचलला आणि पाठीला असा टेकवला, जणू रांगोळीवर पाऊल पडतंय.

"लागली का, मामाजी?"

"माशी बसली वाटलं."

दुसऱ्यांदाही माशीच बसली. पार्वतीबाईंना राहवलं नाही. "अवं सूनबाई, तुमच्या लग्नात ह्यांनी तुमच्या बापाच्या बैलांना शेळ्या म्हणलं व्हतं. भर मांडवात!"

पदर एकदम मागं सरला. "माझ्या बापाच्या बैलांना?"

पुढची लाथ अशी बसली की उकंडराव थेट ज्वारीच्या कणगीला जाऊन भिडले. चतुराबाईनं पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला. उकंडराव हळूहळू उठले, उभे राहिले, सरळ झाले. डावीकडं वळून पाहिलं, उजवीकडं वळून पाहिलं.

"गेली!" ते ओरडले. "व्हय रे बाप्पा, गेली!" मग घसा साफ करून म्हणाले, "ते बैल... तसे बराबर होते म्हना."

पटाच्या दिवशी उकंडरावांची जोडी तातेरावाच्या जोडीपुढं वीतभर निघाली. तातेराव धापा टाकत आला. "उकंडराव, तुमी तर अंथरुणाला खिळले व्हते म्हणं! दवा कोणाची?"

बायकांच्या घोळक्यात चतुराबाईनं जीभ चावली. पण जिंकलेल्या माणसाच्या पोटात काय राहतंय? उकंडराव छकड्यावर उभे राहिले आणि अख्ख्या माळाला ऐकू जाईल असे गरजले, "सूनबाईची लाथ खाल्ली, लाथ! तुमच्या घरी हाय का असली सून?"

तातेराव एक हात कमरेवर ठेवून हळूच म्हणाला, "मलाबी जरा चमक भरून राहिली. सूनबाई रिकाम्या हायेत का?"