चार्ट तपासणारी जेबा

नांदेडच्या देगलूर नाक्याजवळ राहणारी जेबा दिवसभर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. वडील खाजामियाँ वारले, भाऊ-बहीण कुणी नाही, घरात ती आणि अम्मी. गल्लीत तिची ओळख एवढीच. मराठवाड्यातली बरीच पोरंपोरी तिनं लिहिलेल्या ओळींची धास्ती घेऊन बसतात, असं कुणी सांगितलं तर शेजाऱ्यांना ते खरं वाटणार नाही.

ही धास्ती एका खेळामुळं. खेळाचं नाव 'ठोका'. संगणकाच्या पडद्यावर चार रांगांतून ठिपके वरून खाली येत राहतात. डाव्या हाताची दोन आणि उजव्या हाताची दोन बोटं कीबोर्डवर ठेवायची आणि गाण्यातला ठोका पडेल त्याच क्षणी त्या रांगेचं बटण दाबायचं. कोणत्या ठोक्याला कोणत्या रांगेत ठिपका यावा हे कुणीतरी बसून मांडावं लागतं. त्या मांडणीला चार्ट म्हणतात. चार्ट खेळणारेच बनवतात आणि एकमेकांना तपासायला देतात.

बाकीचे तपासणारे 'भारी झालंय भाऊ' लिहून मोकळे होतात. जेबाचं तसं नाही. ती आधी नुसतं गाणं ऐकते, मग चार्ट हळू चालवून बघते, मग पूर्ण वेगानं, आणि मग लिहायला बसते. 'पहिल्या कडव्यात ठिपके ढोलकीबरोबर चाललेत, दुसऱ्यात एकदम गाणारीच्या मागं पळायलेत. खेळणाऱ्यानं ऐकायचं कुणाचं? एकाला धर.' 'इथं गाणं शांत झालंय आणि तू अजून बडवायलास.' 'शेवटचा तुकडा फार सुंदर. याला हात लावू नकोस.' असं पानभर. ज्याला ते पान मिळायचं तो दोन दिवस फुगून बसायचा आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप चार्ट दुरुस्त करायचा.

हातांबद्दल मात्र ती चेष्टा करायची नाही. ती स्वतः एकेकाळी अवघडातले अवघड चार्ट खेळायची. त्याच नादात उजव्या हाताची नस सुजली. एकदा लॅबमध्ये एका म्हातारीच्या दंडात सुई घालताना मनगटातून अशी कळ आली की सुई सुटली. म्हातारी ओरडली. मालकांनी जेबाला कित्येक दिवस नुसतं पावत्या फाडायला बसवलं. हात बरा झाला, नोकरी टिकली, पण अवघड चार्ट पूर्ण खेळणं तिनं कायमचं सोडलं. तपासणं ठेवलं.

तिच्या ओळखीतला सगळ्यात चांगला चार्ट बनवणारा म्हणजे लातूरचा मिहिर. घरी बसून कंपनीचं काम करणारा, औसा रोडला राहणारा. दोघांची कधी भेट नव्हती. ओळख सगळी लिहिण्यातली. तो तिला जेबाताई म्हणायचा आणि तिच्या पानभर टीकेला पानभर उत्तर द्यायचा. भांडण झालं तरी ते ठिपक्यांवरून व्हायचं. तिला तो आवडायचा तो यासाठीच.

यंदा मिहिर आणि त्याच्या मित्रांनी लातूरमध्ये 'ठोका'ची स्पर्धा ठेवली. अंतिम फेरीसाठी त्याच्या मित्रानं, आनंदराजनं, हलगीवर एक नवी चाल बांधली आणि मिहिरनं तिच्यावर चार्ट केला. तो त्यानं जेबाकडं पाठवला. 'ताई, आजवरचा माझा सगळ्यात चांगला,' असं वर लिहिलेलं.

अर्धा चार्ट खरोखरच तसा होता. हलगी जिथं झुलत होती तिथं ठिपके झुलत होते. जेबाला बसल्या जागी पाय हलवावासा वाटला. मग हलगीची घाई सुरू झाली आणि ठिपके एकाच रांगेत, उजव्या हाताच्या एकाच बोटावर, एकामागून एक कोसळायला लागले. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तिनं तो तुकडा पुन्हा ऐकला. हलगीवर थाप पडत होती आणि पाठोपाठ तिचा घुमारा येत होता. मिहिरनं थापेलाही ठिपका दिला होता आणि घुमाऱ्यालाही. तिनं जपून थोडंसं खेळून बघितलं आणि मनगट धरून उठली.

तिनं लिहिलं, 'घुमाऱ्यावरचे ठिपके काढ. उरलेले दोन्ही हातांत वाट. हा तुकडा अवघड नाही, हा दुखावणारा आहे. यात फरक आहे.'

मिहिरचं उत्तर लगेच आलं. 'फायनल आहे ताई. फायनल अवघडच असणार.'

'अवघड कर ना. डोक्याला अवघड कर, कानाला कर. एका बोटाचा जीव काढून काय मिळतं?'

मग एक ओळ आली : 'तुमच्यानं आता खेळणं होत नाही, म्हणून तुम्हाला सगळंच दुखावणारं वाटायलंय.'

जेबानं फोन पालथा ठेवला. अम्मी समोर भाजी निवडत होती. "काय झालं?" तिनं विचारलं. जेबा म्हणाली, "काही नाही." दुपारपर्यंत मिहिरनं तिचा अभिप्राय सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. 'नांदेडवाले घाबरले,' कुणी लिहिलं. कुणी हसण्याची चित्रं टाकली. चार्ट दोन्ही अंतिम खेळाडूंना सरावासाठी दिला गेला. एक नांदेडचाच यासेर, दुसरी लातूरची मुग्धा.

मुग्धाचे आईवडील दोघेही शिक्षक. ती सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होती. जेबाला ती नावानंच माहीत होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा मेसेज आला.

'ताई, तुम्ही लिहिलेलं वाचलं. खरं सांगू का, त्या तुकड्याचा सराव करून मनगटापासून कोपरापर्यंत कळ मारायलीय. सकाळी कप धरवला न्हाई.'

जेबानं सरळ फोन लावला. "सराव बंद कर. आत्ता. डॉक्टरला दाखव."

"उद्या फायनल हाय ताई."

"मिहिरला सांगितलंस?"

"कसं सांगू? पोरगी म्हणून रडायली म्हणतील. ग्रुपवर तुमचं काय केलं बघितलं ना?"

ग्रुपवर लिहावं तर मुग्धाचं नाव घ्यावं लागणार, आणि मुग्धानं ते नको म्हणून विनवलं होतं.

रविवारी सकाळी जेबा लातूरच्या एसटीत बसली. अम्मी दारापर्यंत आली होती. "तिथं जाऊन तमाशा करू नको," म्हणाली. "तुझा काय संबंध? ना तुझा खेळ, ना तुझी पोरगी." लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, जेबा काय बोलायचं ते मनात जुळवत राहिली आणि लातूर येईपर्यंत त्यातलं एकही वाक्य धड राहिलं नव्हतं.

बार्शी रोडवरचं छोटं सभागृह पोरांनी भरलं होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात वायरचं वेटोळं घेतलेला एक सडपातळ पोरगा स्टेजवर धावपळ करत होता. तिनं ओळखपत्रावरचं नाव वाचलं.

"मिहिर."

तो वळला. "मी जेबा, नांदेडची." त्याचा चेहरा आवळला. "ताई, तुम्ही? कार्यक्रम सुरू व्हायलाय. नंतर बोलू."

"नंतर उपयोग नाही. एकच विचारते. हा चार्ट तू स्वतः पूर्ण वेगानं, सलग, शेवटपर्यंत खेळलास का?"

"तुकड्यातुकड्यानं तपासलाय सगळा."

"सलग?"

मिहिर वायर गुंडाळत राहिला. "नाही," तो शेवटी म्हणाला. "पण ताई, आता बदलता येत नाही. दोघांनी याच्यावरच सराव केलाय. ऐन वेळी बदलणं म्हणजे ज्यानं मेहनत केली त्याच्यावर अन्याय."

यासेर जवळच उभा होता. दांडगा, शांत पोरगा; जेबाच्या ओळखीचा. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आपा, मेरी मेहनत का क्या?" तो म्हणाला. "मी तो तुकडा त्या एकाच बटणावर दोन बोटं आलटून पालटून बसवलाय. मला दुखत नाही. तुम्ही नांदेडच्या होऊन माझ्याच पायात पाय घालायलात?"

यासेरचं चूक नव्हतं. मिहिरचंही अगदीच चूक नव्हतं. तिनं मुग्धाला शोधलं. ती खुर्चीवर बसली होती, उजवा हात ओढणीखाली झाकलेला. आई शेजारी डबा घेऊन. जेबा समोर गेली तशी मुग्धानं डोळ्यांनीच नको म्हणून सांगितलं.

"आईला सांगितलंस?" जेबानं हळूच विचारलं.

"काय सांगायचं?" आई म्हणाली.

"काही न्हाई गं," मुग्धा उठली. "माझं नाव पुकारलं."

मुग्धा आणि यासेर स्टेजवर शेजारी शेजारी बसले. मागच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही खेळ दिसत होते. हलगी सुरू झाली आणि सभागृह गप्प झालं. पूर्वार्धात मुग्धा पुढं होती. किती हलकी बोटं, जेबाला वाटलं. ही दुखत्या हातानं एवढी खेळते. पोरं पडद्याकडं बघून ओरडत होती. जेबा पडद्याकडं बघतच नव्हती. ती मुग्धाच्या मनगटाकडं बघत होती.

घाई सुरू झाली. पहिले ठिपके गेले, आणखी गेले. मग मुग्धाचा अंगठा आत वळला आणि तळहाताला चिकटला. कोपर अंगाला घट्ट दाबलं गेलं. ती हातानं खेळतच नव्हती, खांद्यानं हात हलवत होती. यासेर पुढं निघून गेला. मुग्धानं ओठ दाबून धरले होते आणि थांबत नव्हती. जेबाचे पाय आपोआप स्टेजकडं चालू लागले. कुणीतरी तिला अडवलं, "मॅडम, खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." ती त्याला बाजूला करून पुढं गेली. पण ओरडायचं काय? थांबवायचा अधिकार तिला कुणी दिला होता?

मिहिर स्टेजच्या कडेला यंत्राजवळ उभा होता. आपला चार्ट पडद्यावर कसा दिसतो ते बघत होता. जेबा त्याच्याजवळ पोचली आणि तिनं त्याचा दंड धरला. "पडदा सोड," ती म्हणाली. "हात बघ तिचा. फक्त हात बघ."

त्यानं बघितलं.

हलगी मध्येच तुटली. पडदा काळा झाला. आधी सगळ्यांना लाईट गेली असं वाटलं, पण दिवे चालूच होते. मग आरडाओरड सुरू झाली. यासेर उभा राहिला. "काय झालं? मी पुढं होतो!"

मिहिरनं माईक घेतला. "मी थांबवलं. चार्टमध्ये चूक आहे. माझी चूक आहे. मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मुग्धा अजून खुर्चीवरच होती. डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घेतला होता आणि बोटं सरळ होत नव्हती. आई धावत वर आली. जेबानं पोरीचा हात आपल्या हातात घेतला, हळूहळू एकेक बोट मोकळं केलं, बर्फ मागवला. मुग्धा तेव्हा रडली.

खाली गोंधळ वाढत होता. पुन्हा खेळवा, दुसरा चार्ट लावा, बक्षीस वाटून द्या. यासेर कुणाकडंच न बघता उभा होता. जेबा मिहिरकडं गेली. "थांबवलंस तिथपर्यंत पुढं कोण होतं?"

"यासेर."

"मग तो जिंकला. त्यानं चार्ट होता तसा खेळलाय. त्याला पुन्हा खेळायला लावू नकोस."

मुग्धानंही होकारार्थी मान हलवली. यासेरला ट्रॉफी मिळाली. त्यानं ती घेतली, टाळ्याही झाल्या, पण अर्ध्यावर तुटलेल्या खेळाच्या टाळ्या त्या. जाताना तो जेबापाशी थांबला. "मी पूर्ण करणार होतो, आपा," एवढंच म्हणाला. जेबा म्हणाली, "मला माहीत आहे." तो ट्रॉफी घेऊन बाहेर पडला.

सभागृह रिकामं झाल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या माणसांच्या मधोमध जेबा, मिहिर आणि आनंदराज एका लॅपटॉपभोवती बसले. मिहिरनं माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आधी चार्ट उघड." एकेक ठिपका घेतला. हा घुमाऱ्यावर, काढ. हा डावीकडं दे. इथं थोडी जागा सोड, ऐकणाऱ्यालाही ती हवी आहे. मिहिर निमूटपणे काढत गेला आणि एका ठिकाणी अडला.

"हा घुमारा नाही ताई. ही थाप आहे."

"घुमारा आहे."

"थाप आहे."

आनंदराजनं नुसत्या हलगीचं ध्वनिमुद्रण लावलं. कडेवर बारीक काडी वाजली होती, स्पष्ट, वेगळी. जेबानं पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "ठेव तो." मिहिर त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

मुग्धाच्या हाताला पट्टा लागला आणि त्या वेळची टायपिंगची परीक्षा हुकली. तिच्या आईनं मिहिरला घरी बोलावून चांगलंच सुनावलं. तो ऐकून घेऊन आला. पुढच्या परीक्षेत ती पास झाली. 'ठोका' ती अजून खेळते, पण बेतानं.

मिहिरनं ग्रुपवर स्वतःच्याच नावानं सगळं लिहिलं. जेबाला जे लागेल असं बोलला होता तेसुद्धा. हसणारे काही जण गप्प झाले, काही झाले नाहीत. आता स्पर्धेचा कुठलाही चार्ट बनवणाऱ्यानं आधी स्वतः सलग खेळून दाखवावा, असा नियम त्यांनी केला. तो नियम स्वतः मिहिरलाच जड जातो. एकदा त्याच्याच चार्टवर त्याची बोटं अडकली, तेव्हा त्यानं जेबाला फोन करून शिव्या घातल्या, आणि तिनं त्या हसत ऐकून घेतल्या.

यासेर मात्र तिच्याशी बोलत नाही. देगलूर नाक्यावर समोरासमोर आला तर सलाम करतो आणि पुढं जातो. जेबाला त्याचं वाईट वाटतं. अम्मी एकदा म्हणाली, "मी सांगितलं होतं, जाऊ नको." जेबानं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "मग त्या पोरीच्या हाताचं काय झालं असतं?" अम्मीनं तिच्या ताटात आणखी कालवण वाढलं आणि विषय सोडून दिला.