डब्याच्या पत्र्यावरचं नाव

मे महिना लागला की आमच्या बाल्कनीतला कूलर सुरू होतो आणि वाळ्याचा ओला वास घरभर पसरतो. एसी येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी कूलरच्या जाळ्यांत दर वर्षी नवा वाळा भरून घेण्याचा माझा हट्ट सुटलेला नाही. मुलगी दर उन्हाळ्यात वैतागते, "मम्मी, अब तो इसे कबाड़ी को दे दो यार!" मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. मीही तिला दर उन्हाळ्यात मराठीतच सांगते, की बाई गं, हा कूलर माणसांसाठी नाहीच. तो आहे कोपऱ्यात टांगलेल्या आंब्याच्या सालीवरच्या ऑर्किडसाठी. त्याच्या तारेला थंड पेयाच्या डब्यातून कापलेली पत्र्याची एक पट्टी बांधलेली आहे. कूलरची हवा लागली की ती हलकेच किणकिणते, आणि मला आमच्या बाई आठवतात.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. नवरा इथल्या रुग्णालयात डॉक्टर आणि मी सावंतवाडीहून चंदीगडात येऊन पडलेली. नाकासमोर जाणारे रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, रांगेत लावलेली झाडं; सगळं देखणं होतं, आणि मला त्या देखणेपणाचा मनापासून राग यायचा. बाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या नागपूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या, तरी सायकलवरून फिरणाऱ्या. टपालाने आलेले दिवाळी अंक आम्ही दोघी वाटून वाचायचो, त्यातून ओळख वाढली. त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक छोटं भिंग असायचं. कोणी झाडाचं नाव विचारलं की त्या आधी पान उलटून बघत, भिंग डोळ्याला लावत, आणि बऱ्याचदा "माहीत नाही" असं खुशाल सांगून टाकत. एवढी शिकलेली बाई इतक्या सहजपणे "माहीत नाही" म्हणते, याचं मला तेव्हा हसू यायचं.

एकदा मी नवऱ्याबरोबर हिमाचलातल्या नाहनच्या बाजूला सहलीला गेले होते. रस्ता रुंद करायचा म्हणून कडेचे आंबे तोडून आडवे पाडले होते. त्यातल्या एका फांदीला लांबट हिरव्या पानांचं, जाड मुळांचं एक रोप घट्ट चिकटलेलं दिसलं. आमच्याकडे आंब्याफणसांवर सीतेची वेणी फुलते, जांभळट ठिपक्यांच्या पांढऱ्या फुलांचे गजरेच्या गजरे खाली लोंबतात, ते डोळ्यांपुढे उभे राहिले. मी ते रोप सालीच्या तुकड्यासकट सोडवून पदरात घालून घरी आणलं. मग माया करावी तशी केली. कुंडी आणली, माती घातली, शेणखत घातलं, दोन वेळा पाणी. महिन्याभरात पानं पिवळी पडून गळायला लागली.

एका रविवारी बाई आल्या, कुंडीकडे त्यांनी पाहिलं आणि हातातला अंक तसाच खाली ठेवला. "काय करून राहिली तू हे? जीव घेतेस का वं त्याचा?" असं म्हणत त्यांनी रोप सरळ उपटलं. मुळं नळाखाली धुतली, कुजलेली कात्रीने छाटली, आणि माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्यांनी ते कोपऱ्यात पडलेल्या त्या आंब्याच्या सालीवर बांधून टाकलं. "याला माती नाही लागत बाप्पा. याची मुळं हवेतलं पाणी पितात."

"म्हणजे बांडगूळच की," मी म्हणाले.

"अजिबात नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे फक्त बसायला जागा मागतं."

चंदीगडच्या कोरड्या लूमध्ये हवेतलं पाणी आणायचं कुठून? तर बाईंनी घरभर फिरून कूलरच्या बाजूची जागा शोधली, जिथे जाळीतून ओली हवा झिरपत असे. तिथे साल टांगली. नळाचं पाणी जड म्हणून शिंपडायला पावसाचं साठवलेलं पाणी. शेजारच्या पंजाबी वहिनी रोज विचारायच्या, "भाभीजी, ये घास क्यों टाँग रखी है?" मी ऐटीत सांगायचे, की ही आमच्या गावची सीतेची वेणी आहे, फुलली की बघा.

बाईंनी मात्र डब्याचा पत्रा कापला, रिफिल संपलेल्या पेनाने त्यावर ठिकाण कोरलं, महिना कोरला, "आंब्यावर" असं कोरलं, आणि वरची ओळ कोरी सोडली. मी म्हटलं, "अहो बाई, लिहा ना सीतेची वेणी. मी लहानपणापासून बघतेय." त्या म्हणाल्या, "फूल पाहिलं का तू याचं? मग?" विभागातल्या कपाटात वाळवलेल्या झाडांचे कागद असतात, प्रत्येकावर "ओळख पटवणारे" अशी एक ओळ असते, आणि त्या ओळीत आपलं नाव घालायचं म्हणजे फुलाला साक्षी ठेवून घालायचं, एवढं सांगून त्यांनी विषय मिटवला. मला ते अतिच वाटलं. आता वाटतं, माझ्यासमोर अरुंद, मधोमध दुमडलेली, टोकाशी उंदराने कुरतडल्यासारखी पानं होती आणि मी त्यांत माहेर बघत होते. सीतेच्या वेणीची पानं याहून चांगली रुंद असतात, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच!

बाई पुढच्या जूनमध्ये निवृत्त होऊन नागपूरला जाणार होत्या. त्याआधी ते फुलावं, एवढा एकच ध्यास आम्हा दोघींना लागला. थंडीत मी घाबरून ते खोलीत हीटरजवळ आणलं आणि दोन पानं करपवली, तेव्हा बाई रागावल्या नाहीत, त्यांनी नुसतं रोप उचलून हीटरपासून लांब ठेवलं. ते मला जास्त लागलं. मार्चपासून त्या दर दोन दिवसांनी सायकलवरून येत, भिंगातून पानांच्या बगलांत कळी शोधत आणि मान हलवत. जून आला. निघायच्या दिवशी सामान गाडीत गेल्यावरही त्या आमच्याकडे डोकावून गेल्या. नवं मूळ आलं होतं, हिरव्या टोकाचं. कळी नव्हती. "येईल," त्या म्हणाल्या, आणि पट्टीवरच्या कोऱ्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. मला रडू आवरलं नाही.

त्यानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात ते फुललं. गजरा नव्हताच. ताठ दांडीवर सात फुलं, पिवळसर तपकिरी, चौकटीचौकटींची, मधली पाकळी निळसर जांभळी. मी क्षणभर खट्टू झाले, खोटं कशाला बोलू. मग नागपूरला एसटीडी लावला आणि दिसेल ते सांगत गेले. पलीकडून बाईंनी एवढंच विचारलं,

"वास येऊन राहिला का त्याला?"

फोनची वायर बाल्कनीपर्यंत पुरेना. मी साल काढून आत आणली, फुलांत नाक खुपसलं. "येतोय बाई. गोड आहे, अगदी मंद."

"आमच्या शेतातल्या मोहावर असायचं हे," त्या म्हणाल्या. "रास्ना म्हणायचे आमच्या घरी. पानांवरून मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला तुझं वाटून राहिलं होतं, मला माझं. दोघीही गावच पाहत होतो ना वं. त्यावर कसं लिहू?"

म्हणजे त्या उन्हाळ्यात ती सायकल आमच्या दारात यायची ती कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. आपल्या मोहावरचं फूल समोर असण्याची एवढी शक्यता, आणि तरीही ओळ कोरी ठेवणारी ती बाई! मला तरी तो संयम आयुष्यभर साधलेला नाही.

मी एक दांडी रद्दीत दाबून वाळवली आणि त्यांना पाठवली. महिन्याभराने मोठं पाकीट परत आलं. जाड कागदावर फुलं नीट टाचलेली, कोपऱ्यात बाईंच्या बारीक अक्षरात शास्त्रीय नाव, त्याखाली रास्ना, ठिकाण, झाड. आणि "ओळख पटवणारे" या ओळीत माझं नाव. मी घाबरून फोन केला, तर म्हणाल्या, "फूल कोणी पाहिलं? तू. मग नाव कोणाचं?"

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पट्टीवर वरच्या ओळीत मी कोरलेलं "रास्ना" पाण्याने पुसट होतं, म्हणून दर मे महिन्यात मी ते संपलेल्या पेनाने पुन्हा गिरवते. पण फुलं उमलल्यावरच, त्याआधी नाही. यंदा तीन दांड्या आल्या आहेत. कळ्या अजून मिटलेल्या आहेत, आणि पेन मी कूलरवर काढून ठेवलं आहे.