फणसाचा भुसा आणि शिडाची पिशवी

इंजिन बंद झालं की मी हातातलं काम टाकून कान द्यायचे. आधी पट्टा थांबायचा, मग गोल करवत, आणि मग भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याचा खोकला सुरू व्हायचा. इंजिन धडधडत असेपर्यंत तो माणूस बरा आहे की पडलाय, हे मला कळायला मार्ग नसे. बोलायला वाईट वाटतं, पण तो खोकला ऐकला की माझा जीव भांड्यात पडायचा.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत तेव्हा वीज आली नव्हती. घराच्या पडवीत सुतारकाम चालायचं, आणि ह्यांनी हौसेनं तेलाच्या इंजिनावर करवत बसवली. हातानं कापायचे तेव्हा भुसा पायाशी पडायचा. आता फणसाच्या लाकडाचं पिवळं पीठ हवेत तरंगायचं आणि सगळं ह्यांच्या छातीत जायचं. डॉक्टर म्हणाले, "धूळ थांबवा, नाहीतर धंदा थांबवा. नाहीतर येता पावसाळा काही खरा नाही."

घरी येईपर्यंत मी कुठली दम धरते! करवत विहिरीत टाका म्हटलं.

"सुतारान करवत टाकून काय मासे मारूचे?" एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवशी भाताच्या गिरणीवर जाऊन बसले. तिथे कोंडा बाहेर फेकणारा पंखा असतो, तो बघायला. परत आले ते डोक्यात सगळं घेऊनच. लाकडाची पाती, पत्र्याचं घर, करवतीच्या खालून निघणारी पत्र्याची नळी. पंख्यानं भुसा ओढायचा आणि भिंतीतून बाहेर टाकायचा. नळीचं तोंड समुद्राकडे.

सगळं जोडून झालं त्या दिवशी सकाळीच नारळ फोडला. वाडीतल्या म्हाताऱ्यानं देवाला गाऱ्हाणं घातलं, आम्ही "होय म्हाराजा" म्हटलं आणि इंजिन सुरू झालं. भुशाचा पिवळा धूर सरळ किनाऱ्याकडे निघून गेला. हे पडवीत तोंडाला फडकं न बांधता उभे राहून हसत होते. "दर्याक जावंदे भुसो," म्हणाले.

सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारी उलटा फिरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आम्ही सुतार. वारा बघायचा तो होडीवाल्यांनी, आपल्याला काय त्याचं! जेवणवेळेला वारा फिरला आणि समुद्राकडे गेलेला सगळा भुसा माघारी आला. शेजारणीनं अंगणात वाळत घातलेल्या बारीक कोळंबीवर, सुंगटांवर, जाऊन बसला.

ती सूप घेऊनच दारात आली. पावसाळ्याची बेगमी होती ती तिची. "ह्या काय गो? ह्या आता कोण खातलो?"

चूक आमची होती, तरी मीच तोंड सोडलं. वारा काय तुझ्या बापाचा, इथवर गेले. ती म्हणाली, "परत ता चालू झाला तर माझो घोव येवन मोडून टाकतलो." ह्यांनी पंख्याचा पट्टा काढला.

पुन्हा धूळ, पुन्हा खोकला. एका संध्याकाळी पाणी पिता पिता ह्यांच्या हातातून तांब्या सुटला, आणि उचलायला वाकले ते वर येईनात. मी पाठ चोळत राहिले. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोलकढीसाठी खोबरं वाटून फडक्यातून पिळत होते. रस खाली, चोथा फडक्यात. तशीच उठले. माझं जुनं लुगडं दुपदरी करून पिशवी शिवली आणि नळीच्या तोंडाला बांधली. ह्यांनी पंख्याचा पट्टा परत चढवून पाहिला. कापडातून वारा गेला, पण बारीक पीठही गेलं. घट्ट विणीचं कापड हवं होतं. तसं कापड शेजारणीच्या माळ्यावर होतं. त्यांच्या होडीला त्या वर्षी मशीन बसलं होतं आणि शीड गुंडाळून पडलं होतं.

तिच्या दारच्या खळ्यात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी म्हटलं, "शीड दी गो. ह्यांचा काय खरा नाय."

आत गेली, शीड ओढत आणलं आणि माझ्या पायाशी टाकलं. "तुझ्या घोवाचो खोकलो माकाय ऐकाक येता," म्हणाली. "व्हर, घेवन जा."

मोठी सुई आणून आम्ही दोघींनीच ते शिवलं. भर दुपारी, वारा समुद्राकडून असताना, इंजिन चालू केलं. पिशवी फुगली. शेजारीण सुंगटांपाशी बसून राहिली, मधूनमधून बोट फिरवून बघायची. नंतर मान डोलावून घरात गेली. मीही चुलीपाशी आले.

इंजिन बंद झालं. पट्टा थांबला, करवत थांबली. मी कान दिला. काहीच नाही. आणखी थांबले, तरी काही नाही. हातातला डाव टाकून मी धावत पडवीत गेले. हे फळीवर बसून शांतपणे सुपारी कातरत होते.

"खोकाक काय झाला तुमका?" मी ओरडले. "गप बसाक कोणी सांगल्यान?"

"खोकलो इलोच नाय गो," हे म्हणाले.

मी तिथेच भुशात बसले आणि रडायला लागले.